चाकाशिवाय घट: लादी क्वालीच्या वाटेने एक मडकं घडवताना

नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेच्या मागच्या बाजूला एक कुंभारीण आहे. तिच्यासमोर एक मोठा घट आहे. चाक कुठेही नाही. ही लादी क्वाली. हौसा भाषेत रविवारी जन्मलेल्या मुलीला लादी म्हणतात आणि क्वाली हे तिच्या गावाचं नाव.

तिच्या पद्धतीत घट जागेवर उभा राहतो आणि बाई त्याच्याभोवती फिरते, तीही मागे मागे पावलं टाकत. मी चाकावर बरीच वर्षं काम केल्यावर या पद्धतीकडे वळले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथे हाताच्या कसबाइतकंच महत्त्व थांबण्याला आहे. मातीच्या दोरीसारख्या किती वळ्या चढवल्यावर हात काढून घ्यायचा, माती किती ताठ होऊ द्यायची, कधी खरवडायचं, कधी नुसतं झाकून ठेवून दुसऱ्या कामाला लागायचं, हे कळलं की घट उभा राहतो. म्हणून या लेखात मापांइतकंच मी वेळेबद्दल लिहिलं आहे. ते भाग घाईने ओलांडू नका.

आधी थोडं त्या बायकांविषयी

पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत मडकी घडवणं हे बायकांचं काम आहे. मालीमध्ये नायजर नदीकाठच्या कालाबुगूसारख्या गावांत लोहारांच्या घरच्या बायका मडकी करतात: नवरा लोखंड तापवतो, बायको माती भाजते. नायजेरियाच्या मध्यभागातल्या ग्बाग्यी समाजातही हे ज्ञान आईकडून, मावशीकडून, आत्याकडून मुलीकडे जातं. बाहेरच्यांनी या समाजाला ‘ग्वारी’ म्हटलं आणि पुस्तकांत तेच नाव रूढ झालं. ते स्वतःला ग्बाग्यी म्हणवतात. या बायका ओझं डोक्यावर घेत नाहीत, खांद्यावर वाहतात. त्यांच्या पाण्याच्या घटांकडे बघताना हे ध्यानात असू द्या.

लादीचा जन्म 1925 च्या सुमाराचा. तिच्या घरातल्या बाईमाणसाकडूनच ती लहानपणी हे काम शिकली. तिचे घट अबुजाच्या (आजच्या सुलेजाच्या) अमीरांच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांच्या वाड्यात होते आणि तिथे ते 1950 मध्ये मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने पाहिले. सरकारी नोकरीत ‘पॉटरी ऑफिसर’ म्हणून आलेल्या या माणसाने अबुजात प्रशिक्षण केंद्र काढलं. तिथे सुरुवातीला फक्त पुरुषांना घेतलं जाई आणि त्यांना चाक शिकवलं जाई. ज्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या बायका मडकी करत होत्या, तिथल्या केंद्रात बाई यायला 1954 साल उजाडलं. ती पहिली बाई लादी. नंतर हलिमा औडू, असिबी इडो, कांदे उशाफा अशा आणखी काहीजणी आल्या.

केंद्रात लादी चाकही शिकली, पण तिचे गाजलेले घट हातानेच घडवलेले आहेत. फरक भट्टीत पडला. गावात हेच घट गवत-लाकडाच्या उघड्या जाळात भाजले जात. केंद्रात ते स्टोनवेअरच्या म्हणजे दगडासारखं घट्ट भाजणाऱ्या मातीत, काचेसारखी झिलई चढवून, सुमारे 1300 अंशांच्या भट्टीत जाऊ लागले. नक्षीच्या रेघांत पांढरी माती भरायची आणि वर हिरवट पारदर्शक झिलई. अतिशय देखणं काम. पण झिलईमुळे घट पाझरेनासा झाला, आणि न पाझरणारा घट पाणी गार करत नाही. पाण्यासाठी जन्मलेली वस्तू लंडनच्या प्रदर्शनात जाऊन बसली. मला त्या घटांबद्दल प्रेम आहे, तरी ही हानी मी मोजते. म्हणूनच या लेखात आपण झिलई करणार नाही.

मॅग्डलीन ओडुंडो ही या वाटेवरची दुसरी महत्त्वाची कलावंत. जन्म 1950, नैरोबीचा. बालपणीचा काही काळ तिने दिल्लीत काढला. 1971 मध्ये ती इंग्लंडला गेली, फार्नमच्या कलाशाळेत शिकली, आणि 1974-75 मध्ये अबुजाला जाऊन लादी क्वालीसारख्या बायकांकडून हाताने घडवणं शिकली. म्हणजे केनियाची मुलगी इंग्लंडमार्गे नायजेरियात गेली, तेव्हा कुठे हे तिच्या हाताला लागलं. आज तिचे गुळगुळीत, केशरी-लाल किंवा मिट्ट काळे घट ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एखादा घट गरोदर पोटासारखा, एखादा मान मागे टाकून उभ्या असलेल्या बाईसारखा. तीही झिलई वापरत नाही. मातीचाच बारीक लेप, दगडाने घोटणं आणि आग एवढ्यावर तिचं काम चालतं. आपण घडण लादीकडून आणि घोटाई ओडुंडोकडून घेणार आहोत.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चाक पुरुषाच्या हाती असतं. माती मळणं, रंगवणं, वाळवणं बायकांकडे. पण मणिपूरमध्ये आन्द्रो आणि थोंगजाओ गावांच्या बायका चाकाशिवाय, मडक्याभोवती फिरतच घडवतात, आणि थोंगजाओच्या नीलमणी देवींना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. हे काम आपल्या देशाला परकं नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

माती

आपण साधारण 30 सेंटिमीटर उंचीचा, गोल पोटाचा, आखूड मानेचा घट करू. त्याला 7 किलो मळलेली माती लागते. 8 घ्या.

माती जवळच्या कुंभाराकडून घ्या. मुंबईकरांना धारावीचा कुंभारवाडा आहे, इतरांना तालुक्याच्या गावी कोणी ना कोणी सापडतंच. दुकानातली तयार टेराकोटा मातीही चालेल. गणपतीसाठी वापरतात ती शाडूची माती घेऊ नका. ती वाळवण्यासाठी छान, पण भाजण्यासाठी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

कुंभाराची माती चाकासाठी चाळलेली, लोण्यासारखी असते. आपल्याला ती थोडी खरखरीत हवी. जाड भिंतीतून पाणी बाहेर पडायला वाट लागते आणि उघड्या जाळात एकदम बसणारा चटका सोसायला मातीत आधीच भाजलेले कण असावे लागतात. पश्चिम आफ्रिकेत यासाठी फुटक्या मडक्यांची खापरं कुटून घालतात. आपणही तेच करायचं. जुनी कुंडी किंवा फुटका माठ गोणपाटात घालून हातोडीने कुटा आणि पिठाच्या चाळणीने चाळा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. ही धूळ फुप्फुसाला वाईट. 8 किलो मातीला दीड किलो पूड, थोडं थोडं पाणी शिंपडत मळून घ्या. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून निदान आठवडाभर मुरू द्या. एक वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा. किरकोळ चिरा पडल्या तर चालतं, मोडली तर पाणी कमी आहे.

हत्यारं

खरवडायला तिथे वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाचे तुकडे वापरतात. हा भोपळा आपल्या ओळखीचा आहे, ज्याचा मिरजेत तंबोरा होतो त्याच जातीचा. वाळलेला तुंबा मिळाला तर त्याचे तळहाताएवढे दोन तुकडे करा, एक सपाटसर, एक खोलगट, आणि कडा फरशीवर घासून घ्या. नाही मिळाला तर नारळाची करवंटी घ्या, तिचा बाक पोटाला आतून नेमका बसतो. याशिवाय एक लाकडी थापी, मुठीत मावणारा गोल दगड, सुती फडकं, गारगोटी किंवा नदीतला गुळगुळीत गोटा, आणि सुतळी.

बूड टेकवायला जुन्या माठाचं फुटकं बूड हवं. त्यात राख भुरभुरवा म्हणजे माती चिकटणार नाही. ते चुंबळीवर ठेवा आणि चुंबळ गुडघ्याएवढ्या उंचीच्या भक्कम स्टुलावर. स्टुलाच्या चारही बाजूंनी तुम्हाला मोकळं फिरता आलं पाहिजे. खोलीच्या कोपऱ्यात हे काम होत नाही. मी सुरुवातीला भिंतीलगत ठेवून मडकंच फिरवत होते, आणि प्रत्येक घट एका अंगाला पोट काढून बसे. कारण हात एकाच जागी उभा राहून एकाच कोनातून दाबतो. चालणारं शरीर सगळीकडून सारखाच दाब देतं.

बूड

तीन किलोचा गोळा खापरावर ठेवा. मूठ बंद करून मधोमध ठोसे द्या आणि प्रत्येक ठोशाला एक पाऊल मागे सरका. खड्डा रुंद होत जाईल. तळाशी अंगठ्याएवढी जाडी राहिली की थांबा. आता डावा तळहात बाहेर ठेवून उजव्या हाताच्या बोटांनी आतली माती तळापासून वर ओढत आणा. पाऊल मागे, ओढ, पुन्हा पाऊल मागे. चारपाच फेऱ्यांत वाटीसारखा आकार येतो, साधारण 12 सेंटिमीटर उंच, भिंत दीड सेंटिमीटर. ती अजून जाडच ठेवा, पुढे खरवडण्यात निम्मी जाणार आहे.

काठ पेल्यासारखा सरळ न ठेवता जरासा बाहेर कललेला ठेवा. मग काठावर ओलं फडकं, वर प्लास्टिक, आणि दोन तास हात लावू नका. एप्रिल-मे महिन्यात देशावरच्या कोरड्या हवेत हे दोन तास पाऊण तासावर येतात. कोकणात पावसाळ्यात अर्धा दिवसही लागेल. घड्याळापेक्षा अंगठा खरा: काठाखाली हलका दाबल्यावर ठसा उमटला, पण भिंत डोलली नाही, तर पुढे चला.

वळ्या चढवणं

वळी अंगठ्यापेक्षा जाड, हातभर लांब असावी. ओट्यावर लाटू नका. तिथे ती वाळते आणि आतून पोकळ होते. दोन्ही तळहातांत धरून, खाली लोंबती सोडून वळा. पहिल्यांदा ओबडधोबड होईल. हरकत नाही.

काठाला ओरखडे काढून बोटाने पाणी लावा. वळी उजव्या खांद्यावरून लोंबू द्या, तिचं टोक काठाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि डाव्या हाताने बाहेरून आधार देत उजव्या अंगठ्याने ती खाली चेपा. आता मागे चालायला लागा. मागे का, ते करून बघितल्यावर कळतं. तुम्ही मागे सरकता तशी वळी किंचित ताणली जाते आणि नुकताच केलेला सांधा कायम डोळ्यांसमोर राहतो. पुढे चालत केलं तर सांधा पाठीमागे जातो आणि चूक दुसऱ्या दिवशी चिरेच्या रूपाने दिसते.

फेरी पूर्ण झाली की आतल्या बाजूने वळीची माती खाली ओढून बुजवा आणि बाहेरून खालची माती वर ओढा. दोन्हीकडून. नुसतं चोपडून गुळगुळीत दिसलं तरी आत फट राहते, आणि ती फट जाळात उघडते.

पोट बाहेर न्यायचं असेल तर वळी काठाच्या बाहेरच्या कडेला बसवा, आत घ्यायचं असेल तर आतल्या कडेला. आकाराचा सगळा कारभार एवढाच आहे. 30 सेंटिमीटरच्या घटाला सर्वांत रुंद जागा 16 ते 17 सेंटिमीटर उंचीवर येऊ द्या.

एका बैठकीत तीन वळ्या, त्यावर नाही. माझा पहिला मोठा घट पोटातच बसला, कारण दुपारभरात पाच चढवल्या होत्या. खालची माती वरचं वजन घ्यायला तयार नव्हती. तीन वळ्या झाल्या की झाकून ठेवा. फक्त काठ ओला राहिला पाहिजे, म्हणजे पुढची वळी धरेल. पोट मात्र उघडं ठेवून ताठ होऊ द्यायचं. म्हणून ओलं फडकं फक्त काठावर, पट्टीसारखं.

थापणं आणि खरवडणं

पोट बाहेरून ठोशाला दाद देईनासं झालं पण नखाने ओरखडा उठतो, अशा अवस्थेत थापी हातात घ्या. आत गोल दगड, बाहेर थापी, दोघांच्या मधे भिंत. फटके हलके, एकाच लयीत, आणि पाय चालूच. आपल्या कुंभारांना हे नवीन नाही. चाकावरून उतरवलेलं मडकं तेही असंच थापून फुगवतात. थापण्याने माती दाबली जाते, सांधे एकजीव होतात आणि पोट थोडं मोठं होतं.

मग खरवडणं. या सगळ्या कामात मला सर्वांत आवडणारा भाग हा आहे. करवंटीची कड तिरपी धरा आणि खालून वर, मग आडवी, मग तिरकी अशी फिरवा. एकाच दिशेने खरवडलं तर लाटा पडतात. दर दोन फेऱ्यांनी लांब जाऊन बघा, डोळे अर्धे मिटून. गोल कुठे चुकला ते बाह्यरेषेत दिसतं, पृष्ठभागावर शोधून सापडत नाही. भिंत 8 मिलिमीटरपर्यंत आणा. टिचकी मारून आवाज ऐका: जाड ठिकाणी बद्द, पातळ ठिकाणी जरा वरचा. संशय आला तर सुई टोचून खोली मोजा आणि भोक बुजवा.

निघालेला कीस टाकू नका. पाण्यात भिजवला की तोच पुढच्या घटाची माती.

मान आणि ओठ

खांदा आत वळवताना वळ्या बारीक करा, करंगळीएवढ्या, आणि एका बैठकीत दोनच. खांदा फार सपाट केला तर तो बसतो. उतार निदान छपराएवढा हवा.

मानेसाठी दोन-तीन वळ्या सरळ उभ्या. शेवटची वळी थोडी जाड ठेवून तिच्यावर ओलं फडकं अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि सलग दोन फेऱ्या मागे चाला, न थांबता. थांबलात तिथे खळगा पडतो. ओडुंडोच्या घटांत मान म्हणजे अर्धं व्यक्तिमत्त्व असतं: कुठे लांब, कुठे कलती, कुठे ओठ ताटलीएवढा पसरट. तो मोह पहिल्या घटावर आवरा. कलती मान सुकताना आणखी कलते, आणि ती किती कलणार याचा अंदाज दहा-बारा घटांनंतर येतो.

नक्षी

इथे एक निर्णय घ्यायचा असतो. नक्षी किंवा घोटाई. एकाच पृष्ठभागावर दोन्ही सहसा नाही. मला खांद्यावर नक्षीचा पट्टा आणि पोट घोटलेलं अशी विभागणी आवडते.

लादीच्या घटांवर विंचू, सरडे, मगरी, साप, मासे, पक्षी आहेत. रेघा आत कोरलेल्या आणि त्यांच्या अंगावर पिळाच्या दोरीचे किंवा खाचा पाडलेल्या लाकडाचे ठसे फिरवलेले. दोरीचे ठसे तुम्ही आज करू शकता. सुतळीचा चार बोटं लांब तुकडा घट्ट पीळ देऊन दुमडा, पुन्हा पीळ द्या, टोकाला गाठ मारा. तो तळहाताखाली धरून ओलसर मातीवर लाटल्यासारखा फिरवा. मक्याचं दाणे काढलेलं कणीसही असंच फिरवतात. योरुबा प्रदेशातल्या जुन्या खापरांवर त्याचे ठसे सापडतात. माती इतकी ओली हवी की ठसा खोल जाईल, आणि इतकी ताठ की भिंत दबणार नाही. आतून हाताचा आधार द्यायला विसरू नका.

कोरायला तिथे साळिंदराचा काटा वापरत. आपल्याकडे साळिंदर संरक्षित प्राणी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. बाभळीचा काटा उत्तम चालतो.

आकृत्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लादीचा विंचू तिच्या गावच्या घटांवरून आलेला आहे. तो तसाच उचलून आपल्या घटावर ठेवू नका. तंत्र घ्या, प्राणी तुमच्या अंगणातले येऊ द्या. मी खारी आणि बेडूक काढते, कारण त्यांची हालचाल मला रोज दिसते आणि हाताला ती माहीत आहे. पाहून शिकायचं असेल तर वहीत तिचे घट जरूर काढा. पानं भरून काढा. विक्रीला ठेवलेल्या घटाशेजारी मात्र ही पद्धत कोणाकडून आली ते लिहा, आणि ‘आफ्रिकन’ असा मोघम शब्द न वापरता ‘ग्बाग्यी’ लिहा.

लेप आणि घोटाई

लेपासाठी तुमचीच माती घ्या, पूड घालण्याआधीची. 400 ग्रॅम कोरडी माती, एक लिटर पाणी, आणि तीन ग्रॅम धुण्याचा सोडा. ढवळून काचेच्या बरणीत 20 तास न हलवता ठेवा. तीन थर दिसतील: तळाशी गाळ, वर नितळ पाणी, मधे दुधासारखा बारीक लेप. वरचं पाणी अलगद काढा, मग मधला थर नळीने वेगळ्या भांड्यात घ्या. गाळाला हात लावू नका. लाल रंग हवा असेल तर वस्त्रगाळ गेरू चमचाभर घाला.

घट जवळजवळ पांढरट, हाताला कोरडा लागू लागला की मऊ कुंचल्याने तीन पातळ हात द्या. प्रत्येक हाताची ओली चमक गेली की पुढचा. शेवटच्या हातानंतर लेप हाताला चिकटेनासा झाला की गारगोटी घेऊन गोल गोल, लहान लहान फेऱ्यांत घोटा. वाळून खडखडीत झालेल्या मातीवर दगड फक्त खरखरतो. तेवढ्या जागेवर बोटभर तेल लावून पुन्हा घोटता येतं. 30 सेंटिमीटरच्या घटाला चार तास धरा. सलग करायला हवं असं नाही, पण एक भाग सुरू केला की तो संपवूनच उठा. ओडुंडो आधी घट घोटते, मग लेप देते आणि पुन्हा घोटते. तेवढी चमक हवी असेल तर तिच्यासारखे दुप्पट तास द्यावे लागतील.

पाणी गार करायला घट हवा असेल तर मात्र हा सगळा भाग सोडून द्या. घोटलेला घट कमी पाझरतो.

वाळवणं

सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, पहिले चार दिवस सैल प्लास्टिकखाली, मग उघडा. बूड सर्वांत जाड, म्हणून दोन दिवसांनी घट पालथा करा. उन्हाळ्यात दहा दिवस, पावसात तीन आठवडे. गालाला लावून बघा: गार लागला तर आत पाणी आहे. माझा दुसरा घट जाळात स्फोटासारखा फुटला, त्याचं बूड गालाला गार लागत होतं आणि मी दुर्लक्ष केलं. शेजारचे दोन लहान वाडगेही त्याच्यासोबत गेले.

भाजणं

विजेची भट्टी उपलब्ध असेल तर घट रात्रभर 80-90 अंशांवर ठेवा, मग 200 पर्यंत तासाला 60 अंश, 600 पर्यंत तासाला 100, आणि शेवटी 900 वर पंधरा मिनिटं थांबून बंद. 573 अंशांजवळ मातीतली गार (क्वार्ट्झ) एकदम फुगते, उतरतानाही तिथे तडा जाऊ शकतो. 100 च्या खाली येईपर्यंत दार उघडू नका. घोटाईची चमक 950 च्या पुढे मरायला लागते, म्हणून लोभाने वर नेऊ नका.

उघड्या जाळात भाजायचं असेल तर शेत हवं किंवा मोठं अंगण. सोसायटीच्या गच्चीवर नाही. वारा पडलेला दिवस, जवळ पाण्याची पिंपं, अंगावर सुती कपडे, जाड हातमोजे, आणि सोबत आणखी एक माणूस. ग्बाग्यी गावांत घट रचून गवत आणि काटक्यांनी झाकतात आणि जाळ भरभर वर जातो. आपल्याकडे गोवऱ्या सावकाश जळतात, त्यामुळे नवशिक्याला त्या बऱ्या.

आधी शेकणं. घट जाळापासून हातभर लांब ठेवून, दर दहा मिनिटांनी वळवत, दोन-तीन तास शेका. हात लावता येणार नाही इतका तो तापला पाहिजे. मग जमिनीवर खापरांचा थर, त्यावर गोवऱ्यांचा, त्यावर पालथा घट, भोवती फुटक्या मडक्यांचा आडोसा म्हणजे गोवरी थेट अंगाला लागणार नाही. वरून गोवऱ्या दोन थर, फटींत तुरकाट्या, सर्वांत वर पेंढा आणि राखेचा लेप. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने खालून पेटवा. साधारण तीन-चार तास. फटीतून बघा: अंधारात घट मंद लाल दिसू लागला तर 650 च्या आसपास, पिकल्या चेरीसारखा झाला तर 750-800. तेवढा लाल अर्धा तास टिकला की पुरे. रात्रभर राखेत राहू द्या.

काळा घट हवा असेल तर दोन वाटा. तो लाल असतानाच बारीक शेणकूट आणि भुसा ओतून वरून मातीने सगळी हवा बंद करा. धूर आत कोंडला की मातीतलं लोह काळं पडतं आणि काजळी मातीत मुरते. किंवा ओडुंडोसारखं दोनदा भाजा. पहिल्यांदा मोकळ्या हवेत, मग लाकडाच्या भुशात पुरून, झाकण मातीने लिंपलेल्या लोखंडी डब्यात घालून पुन्हा 700 पर्यंत. दुसऱ्या वाटेने काळा एकसारखा येतो. पहिल्या वाटेने आलेले राखाडी-लाल ढग मला अधिक आवडतात.

आणखी एक रीत पश्चिम आफ्रिकेतली. जाळातून काढलेल्या गरम घटावर झाडाच्या सालीचा किंवा शेंगांच्या टरफलांचा काढा शिंपडतात; हौसा भागात त्यासाठी एका शेंगाझाडाच्या टरफलांचा काढा असतो, त्याला माकुबा म्हणतात. तो घटाची छिद्रं थोडी बुजवतो आणि तपकिरी डाग ठेवतो. आपल्याकडे बाभूळ आहे, तीच बाभूळ सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातही वाढते. बाभळीची साल पाण्यात तासभर उकळून गाळा, लांब दांड्याच्या झाडूने गरम घटावर शिंपडा. वाफ तोंडावर येते, मागे उभे राहा. आधी एखाद्या लहान वाडग्यावर करून बघा, कारण या चटक्याने कमी खापरपूड घातलेली माती तडकते.

घट हातात आल्यावर

राख झटका, पाण्याने नाही, कोरड्या फडक्याने. बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत आवाज आला तर चीर नाही, फुटका आवाज आला तर तो घट फुलांसाठी ठेवा. घोटलेल्या घटाला मेणाचा पातळ हात देऊन सुती कापडाने चोळता येतं. पाण्याचा घट मात्र दोन दिवस बादलीत बुडवून ठेवा. पहिल्या दोन-तीन भरण्यांच्या पाण्याला मातीची चव येईल, ते झाडांना घाला. चौथ्यांदा भरून खिडकीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. तासाभरात पोटावर दव येईल, आणि सर्वांत आधी ते तिथे येईल जिथे तुम्ही भिंत सर्वांत पातळ खरवडली होती.